जोडीदारणीने दिलेले मार्क

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सुमती मॅडमनी वॉर्डच्या जोड्यांची यादी लावली आणि माझ्या नावासमोर अश्लेषाचं नाव निघालं. वर्गात अडतीस मुली आहेत. दुसरी कोणीही चालली असती.

यंदापासून आमच्या नर्सिंग स्कूलने मार्क द्यायची नवी पद्धत काढली आहे. लेखी चाचणी, हजेरी, केस स्टडी, वॉर्डातल्या सिस्टरांचा शेरा हे सगळं आहेच. पण आता जोडीदारणीचं काम बघून तिला मार्कही आपणच द्यायचे. त्यासाठी छापील तक्ता आहे, पंचवीस मुद्दे आणि पंचवीस मार्क. हात धुतले का, औषधाचं लेबल तीनदा वाचलं का, असे मुद्दे. प्रत्येकापुढे 'केलं' किंवा 'नाही केलं', एवढंच. दोन मुद्द्यांपुढे मात्र चांदणी छापली आहे. चांदणीवाला मुद्दा चुकला की बाकीचे चोवीस सोन्याचे असले तरी शून्य. फेरपरीक्षा देता येते, पण तिथे कितीही छान केलं तरी बाराच्या वर मार्क नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "तक्ता भरताना मैत्रीण नाही आणि दुश्मनही नाही. जे दिसलं तेच लिहायचं." माझ्याकडे बघून का म्हणाल्या कोण जाणे.

हे वर्ष मला जिंकायचंच आहे. ऑफिससमोरच्या लाकडी फळ्यावर दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत गुणांत पहिल्या आलेल्या मुलीचं नाव रंगवतात. २००७ च्या ओळीत माझ्या यमुआत्याचं नाव आहे. ॲडमिशनच्या दिवशी बाबांनी मला आधी तो फळा दाखवला आणि मग फॉर्म घेतला. पहिल्या वर्षी मी दुसरी आले, तीन मार्कांनी. पहिली कोण आली ते या वहीत लिहायची माझी इच्छा नाही, पण वर लिहून झालंच आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बायकांचा मेडिसिन वॉर्ड. मी हुडकेश्वरहून स्कूटीने येते, तरी माझ्या युनिफॉर्मची घडी मोडत नाही. अश्लेषा होस्टेलमधून चालत दोन मिनिटांत पोचते आणि तिच्या खिशाला शाईचा डाग. तरी सिस्टर हाक मारतात ती तिलाच.

सात नंबरच्या खाटेवर कन्हानच्या रंभाबाई आहेत. शुगर आहे, पायाला जखम, दोन आठवड्यांपासून मुक्काम. आज मी त्यांच्या ड्रेसिंगचा ट्रे इतका नीट लावला होता की पुस्तकात फोटो छापावा. रंभाबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर दाराकडे.

"पोरी, आली का? तू आली तं मले बरं वाटते."

मला त्या 'ओ सिस्टर' म्हणतात. तिला 'पोरी'.

आणि ती विशेष काय करते? बोलते. कुहीकडच्या खेड्यातली आहे, धान कापणीला किती मजूर लागले ते पेशंटला विचारते. पट्टी सोडताना रंभाबाई धानाचा हिशोब सांगत बसल्या आणि एकदाही 'आई गं' म्हणाल्या नाहीत. मी पट्टी सोडते तेव्हा अख्ख्या वॉर्डाला कळतं. याचे मार्क कुठल्या तक्त्यात बसतात?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

केस स्टडीचे मार्क आले. मला एकवीस, तिला बावीस.

मी सरळ मॅडमकडे गेले. माझ्या वहीत स्वादुपिंडाची आकृती चार रंगांत काढलेली आहे, समासाच्या रेघा आखलेल्या आहेत. तिची वही पाहून वाटतं, बसमध्ये बसून लिहिली असावी. मॅडमनी दोन्ही वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "तिने लिहिलंय की घरी गेल्यावर रंभाबाईंना इन्सुलिन कोण टोचणार. मुलगा खाणीवर जातो, सुनेला सुईची भीती वाटते, म्हणून शेजारणीला शिकवलं पाहिजे. तू लिहिलंस का?"

मी कशाला लिहू? अभ्यासक्रमात शेजारीण नाही.

घरी येऊन आईला म्हटलं की त्या कुहीच्या मुलीचं बघ, काही न करता मिळतं. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "महिनाभरापासून या घरात तिचंच नाव ऐकून राहिली मी. एकदा जेवायले तरी आण तिले." आईला काही समजत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज आमच्या जोडीची परीक्षा झाली. घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

आधी माझी पाळी होती. चार नंबरच्या बाईला इंजेक्शन. पंचवीसही मुद्दे मला तोंडपाठ होते, मी ते घड्याळासारखे पार पाडले. मग अश्लेषाची पाळी. रंभाबाईंचं जेवणाआधीचं इन्सुलिन. तक्ता माझ्या हातात.

ती गेली आणि म्हणाली, "काय रंभाबाई, आज कोन्त्या हाताले टोचू? काल डाव्या हाताले झालं ना?" रंभाबाई हसल्या आणि उजवी बाही वर केली.

मुद्दा सहावा, चांदणीवाला: 'रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव सांगायला लावले.' तिने लावलं नाही. नाव तिने स्वतःच घेतलं. ते तर सगळ्या वॉर्डाला माहीत आहे, रोज भेटतात दोघी. पण तक्त्यात 'ओळखते' असा रकाना नाही.

पेन क्षणभर थांबलं. मग मी 'नाही केलं' वर खूण केली. खरं सांगायचं तर आत लवंगी फुटल्यासारखं झालं.

मी खोटं काहीही लिहिलेलं नाही. हे वाक्य मी स्कूटीवर तीनदा म्हटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

निकाल लागला. अश्लेषा शून्य. यादीत शून्य गोल आणि मोठा दिसत होता.

मला पंचवीसपैकी चोवीस. म्हणजे तिने माझा एक मार्क कापला. कशाचा? मुद्दा बाविसावा, 'रुग्णाशी संवाद साधला', नाही केलं. मी संवाद साधला नाही म्हणे! "तुमचं पूर्ण नाव सांगा" हा संवाद नाही का? माणसाने किती मनात धरावं. स्वतः शून्यावर आहे आणि माझा एक मार्क खाल्ला. दिवसभर तो मार्क घशात अडकला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलायचं टाळत होते, तर तीच डबा घेऊन आली. घरून नव्या धानाचे पोहे आणले होते.

"खाय ना वं. मायनं तुह्यासाठी येगळे बांधून देले."

मी विचारलं, राग नाही आला का?

"आला ना. होस्टेलात रडली मी. पन तू लिहिलं ते खरंच होतं. दुसरी कोनी असती तं सोडून देलं असतं, मंग मले कधी समजलंच नसतं."

मी दोन घास खाल्ले. तरी मी तो एक मार्क विचारलाच. ती म्हणाली, "तू नाव विचारलं, तं त्या बाईनं नाव सांगितलं अन् म्हटलं का माही पोरगी आठ दिवसापासून आली नाही. तू काहीच नाही बोलली. सुई टोचली अन् आली."

मला आठवतच नाही बाई असं काही बोलली. पोहे मात्र फार चांगले होते, याचाही राग आला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

यमुआत्या आली होती. सोळा वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, वॉर्ड तिच्या नजरेला घाबरतो. मी तिला चांदणीची गोष्ट सांगितली, जरा फुशारकीनेच.

"तिनं नाव वदवून घेतलं नाही, हे खरं?"

"खरं."

"मग तू बरोबर लिहिलं." तिने चहाचा घोट घेतला. "अन् लिहिताना तुला वाईट वाटलं का?"

मी म्हटलं, वाटलं थोडं. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग बाबांशी मंगळवारी भागातल्या घराच्या भाड्याचं बोलायला लागली. आता ती पूर्वीसारखं कौतुक करत नाही. वय झालं असेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू की नको कळत नाही. लिहिते. ही वही कोणी वाचत नाही.

बाराच्या सुमाराची गोष्ट. सिस्टर समोरच्या रांगेत सलाईन लावत होत्या. मला म्हणाल्या की सात नंबरचं इन्सुलिन भरून ठेव, मी येतेच. मी दहा युनिट भरलं, लेबल तीनदा वाचलं. सिस्टर येईनात. जेवणाची गाडी दाराशी आली होती. मला वाटलं, देऊन टाकू, त्या खूश होतील.

सात नंबरवर गेले. बाई तोंडावर पदर घेऊन पडली होती. मी म्हटलं, "रंभाबाई ना?" ती म्हणाली, "हाव, हाव." मी दंड पुसला.

तेवढ्यात नऊ नंबरवरून अश्लेषा ओरडली, "मुग्धा, थांब! रंभाबाई इथं हाय!"

थंडी पडल्यापासून बायका खाटा बदलतात. नऊ नंबरवर खिडकीतून ऊन येतं, म्हणून रंभाबाई सकाळीच तिथे जाऊन बसल्या होत्या. आणि सात नंबरवर होती जयवंता, छातीच्या दुखण्याची, शुगर अजिबात नाही. तिला कानाने कमी ऐकू येतं. काहीही विचारलं तरी ती 'हाव' म्हणते.

अश्लेषा धावत आली आणि जयवंताबाईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तुमचं नाव काय? तुमच्या तोंडानं सांगा." बाईने सांगितलं. माझ्या हातातली सुई मी ट्रेमध्ये परत ठेवली.

दहा युनिट. त्या बाईने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

बाहेर आल्यावर अश्लेषा म्हणाली, "मॅडमले सांगा लागते."

"काही झालं नाही ना पण?"

"झालं नाही. तरी सांगा लागते. तू सांग."

सांगितलं की माझे चोवीस गेले. नियमच आहे, परीक्षेनंतर रोजच्या कामातही चांदणी चुकली तर आधीचे मार्क रद्द. चोवीस गेले की पहिला नंबर गेला. आणि हे सगळं तिच्यासमोर झालं. वॉर्डात दहा मुली असताना नऊ नंबरवर तीच कशी होती?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

अश्लेषा माझ्याशी बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत मेसचं ताट तसंच परत केलं, पोटात बरं नाही म्हणे. माझ्यासमोर उपवासाचं सोंग कशाला? मला खजील करायचं आहे, दुसरं काय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

एक चांगली गोष्ट. सिस्टर दोन दिवसांपासून माझ्यावर खूश दिसतात. मी औषध द्यायला निघाले की हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन उभ्या राहतात. आजपर्यंत असा मान फक्त अश्लेषाला होता. म्हणजे शेऱ्याचे मार्क तरी पक्के.

जयवंताबाईला आज घरी सोडलं. नातू आला होता न्यायला. जाताना तिने सगळ्यांना हात जोडले, मलाही. मी लिनन मोजायला आत गेले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अश्लेषाची फेरपरीक्षा. फेरपरीक्षेत तक्ता कोणी भरायचा ते परीक्षा देणाऱ्या मुलीने सांगायचं असतं. सगळ्या जणी आपली जिवलग मैत्रीण मागतात. तिने माझं नाव दिलं.

मी विचारलं, काहून? ती म्हणाली, "तू सोडत नाही म्हनून."

मी खरोखर सोडलं नाही. पहिल्या मुद्द्यापासून चूक शोधत होते, आणि ती सापडावी अशी माझी फार इच्छा होती. रंभाबाईंना ती म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा." त्या चिडल्या. "काहून वं पोरी, तुले मालूम नाही का?"

"मालूम हाय. तरी सांगा."

पंचवीस मुद्दे, पंचवीस 'केलं'. मार्क बारा. खाली तपासणारीची सही असते आणि सहीच्या वर एक छापील ओळ: 'मी जे पाहिले तेच नोंदवले आहे.' आत्तापर्यंत ती ओळ मी वाचलीच नव्हती. आज सही करायला मला वेळ लागला. मॅडम बघत होत्या, म्हणाल्या, "पेन चालत नाही का?"

घरी येऊन जेवले नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी नऊला ऑफिसात गेले आणि एका दमात बोलून टाकलं. सात नंबर, नऊ नंबर, दहा युनिट, हाव हाव. मला वाटत होतं मॅडम उठून उभ्या राहतील. त्यांनी खण उघडला आणि एक कागद काढला. चूक होता होता टळली की भरायचा असतो तो फॉर्म. अश्लेषाच्या तिरक्या अक्षरात पूर्ण भरलेला. तारीख चोवीस नोव्हेंबर. खाली 'संबंधित विद्यार्थिनीचे निवेदन' एवढाच रकाना कोरा.

"सोमवारी दुपारीच आणून दिला तिने," मॅडम म्हणाल्या. "म्हणाली, मुग्धा स्वतः सांगेल, तिला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. मी सिस्टरना सांगून ठेवलं की तोवर तुला एकटीला औषध देऊ देऊ नका. आज शुक्रवार आहे."

म्हणजे सिस्टर माझ्याजवळ उभ्या राहत होत्या त्या यासाठी.

मी तो रकाना भरला. माझे चोवीस रद्द झाले, फेरपरीक्षा आणि वॉर्डाचे पंधरा दिवस जास्तीचे लागले. त्याचं मला काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर कळलं नाही. डोक्यात एकच. मी चार दिवस स्वतःशी झगडून, ताप आल्यासारखी होऊन जे केलं, ते तिने सोमवारी दुपारीच करून टाकलं होतं. खरं सांगण्यातसुद्धा ती पहिली आणि मी दुसरी.

जिन्यात रडले. रागाने की कशाने, माहीत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

अंतर्गत गुणांची यादी लागली. पहिली उन्नती! तीच, जी केस स्टडी शेवटच्या दिवशी माझी वही मागून लिहिते. दोघींचं भांडण, तिसरीचा लाभ. अश्लेषा चौथी, मी सातवी. फळ्यावर उन्नतीचं नाव रंगवायचं ठरलं आहे. बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. यमुआत्याला फोनवर सगळं सांगितलं, फॉर्मचंही. तिने आधी विचारलं, ती बाई बरी आहे ना. मग म्हणाली, "माझ्या हातून झालं होतं तेव्हा मी सांगितलं नव्हतं," आणि फोन ठेवला.

गंमत म्हणजे उन्नतीचा मला हेवा वाटत नाही. पेढा दिला, मी खाल्ला. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ते दुसरीला मिळालं आणि मला झोपही लागली.

संध्याकाळी अश्लेषा गावी निघाली होती, तिला बसस्टॉपपर्यंत स्कूटीवर सोडलं. मी म्हटलं, तुला इतकी खात्री कशी होती की मी सांगीन? उगीच मोठेपणा वाटत होता मला तिचा, म्हणून जरा तिखटच विचारलं.

"खात्री कुठं होती वं?" ती म्हणाली. "भेव लागून राहिला होता. चार दिवस अन्न गोड लागलं नाही मले. तू नसतं सांगितलं तं मी कोनासंग काम केलं असतं?"

मी म्हटलं, अडतीस मुली आहेत वर्गात.

"हायेत ना," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

सोमवार, १५ डिसेंबर

आज पुढच्या सहा महिन्यांच्या जोड्या लागल्या. मॅडमनी सगळ्या जोड्या बदलल्या आहेत. मला आर्वी गावची एक मुलगी मिळाली आहे, चांगली आहे, नीटनेटकी आहे, वेळेवर येते.

अश्लेषासोबत उन्नती.

उन्नतीला चांदणी कशाला म्हणतात तेही माहीत नसेल. ती अश्लेषाला डोळे मिटून पंचवीस देईल, एकही चूक काढणार नाही, आणि अश्लेषाला आपली चूक कधी समजणारच नाही. जेवणाच्या सुट्टीत आज दोघी एका बाकावर बसल्या होत्या. उन्नती तिच्या डब्यातले पोहे खात होती आणि तोंड भरलेलं असताना हसत होती.

मी मॅडमकडे अर्ज दिला आहे, जोडी बदलून मिळावी म्हणून. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही. शेवटी लिहिलं, 'अभ्यासाच्या दृष्टीने.'